दरमहा दहा पौंड

फुटबॉल क्लबच्या चाहत्यांनी वर्गणी काढून क्लबच विकत घ्यायचा, ही गोष्ट ब्रिटनमध्ये बहुधा संकटातून घडते. संघ जिंकत असतो, पगार वेळेवर होत असतात, तोवर मालक कोण आहे याची चौकशी फारसे कोणी करत नाही. मग एके दिवशी करखात्याची थकबाकी उघड होते, खेळाडूंचे पगार लांबतात, मैदान गहाण असल्याचे कळते आणि चाहत्यांच्या सभा सुरू होतात. अशा वेळी पैसा जमतोच, कधीकधी थक्क करणारा जमतो. तो कोणाच्या नावावर राहतो आणि देणाऱ्याच्या हाती त्याबदल्यात काय येते, हा पुढचा प्रश्न अधिक महत्त्वाचा असतो. एडिनबराच्या हार्ट ऑफ मिडलोथियन, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या ‘हार्ट्‌स’, या क्लबने तो सर्वांत सविस्तर सोडवला आहे.

हार्ट्‌सची स्थापना १८७४ची. टायनकॅसल हे त्याचे मैदान शहराच्या पश्चिम भागात, दगडी चाळींसारख्या जुन्या इमारतींच्या गराड्यात आहे. १९१४च्या नोव्हेंबरात या संघाचे खेळाडू एकगठ्ठा सैन्यात भरती झाले आणि त्या महायुद्धात क्लबचे सात खेळाडू कामी आले. शहरातल्या हेमार्केट चौकात त्यांचे स्मारक आहे आणि दर नोव्हेंबरात तिथे माणसे जमतात. आजोबांचा हात धरून सामन्याला गेलेला नातू पुढे आपल्या मुलाला घेऊन जातो, असा हा क्लब. असा क्लब बुडणे म्हणजे एखादी कंपनी बुडण्यासारखे नसते, हे तिथल्या लोकांना समजावून सांगावे लागले नाही.

२००५ साली हा क्लब लिथुआनियातील बँक व्यावसायिक व्लादिमिर रोमानोव्ह यांच्या ताब्यात गेला. २००६ आणि २०१२ मध्ये हार्ट्‌सने स्कॉटिश चषक जिंकला. २०१२च्या अंतिम सामन्यात तर शहरातल्याच प्रतिस्पर्धी हिबर्नियनला ५-१ असे हरवले. झगमगाटामागे मात्र कर्ज वाढत होते. पगार उशिरा होऊ लागले. २०१२च्या नोव्हेंबरात करखात्याचे देणे अंगावर आले, तेव्हा क्लबने चाहत्यांसाठी भागविक्री काढली आणि चाहत्यांनी दहा लाख पौंडांहून अधिक रक्कम उभी केली. त्या पैशाने तो हिवाळा निघाला. २०१३च्या फेब्रुवारीत रोमानोव्ह यांची उकिओ बँक कोसळली आणि जूनमध्ये सुमारे अडीच कोटी पौंडांच्या कर्जाखाली दबलेला हार्ट्‌स न्यायालयीन प्रशासकांच्या हाती गेला. शिक्षा म्हणून पुढच्या हंगामाची सुरुवात उणे १५ गुणांनी करावी लागली. नवे खेळाडू घेण्यावर बंदी आली. कोवळ्या पोरांचा संघ खेळवत क्लब २०१४ मध्ये खालच्या श्रेणीत गेला.

आधीची भागविक्री इथे नीट पाहण्यासारखी आहे. चाहत्यांनी दिलेला पैसा खरा होता, पण त्याने निर्णयाचा अधिकार त्यांच्याकडे आला नाही. तीन चतुर्थांशाहून अधिक भाग लिथुआनियातल्या दोन संस्थांकडेच राहिले. म्हणजे ते एका परीने भोक असलेल्या हंड्यात पाणी ओतणे होते. ‘फाउंडेशन ऑफ हार्ट्‌स’ ही चाहत्यांची संस्था २०१० पासून अस्तित्वात होती. तिने २०१३च्या उन्हाळ्यात वेगळा रस्ता धरला. एकरकमी देणगीऐवजी तिने लोकांकडे दरमहा ठरावीक वर्गणी मागितली, कमीत कमी दहा पौंड. पैसा फाउंडेशनकडे जमा होईल आणि क्लबचे भाग हाती येण्याची खात्री करूनच तो क्लबला दिला जाईल, असे ठरले. काही महिन्यांत हजारो लोकांनी बँकेला तशा सूचना दिल्या आणि पुढे हा आकडा आठ हजारांच्या आसपास स्थिरावला.

अडचण वेगळीच होती. दरमहाची वर्गणी म्हणजे आश्वासन. प्रशासकांना आणि धनकोंना रोख रक्कम हवी होती आणि तीही लगेच. ही दरी एडिनबराच्या माहिती-तंत्रज्ञान उद्योजिका अ‍ॅन बज यांनी भरून काढली. त्यांनी स्वतःचे २५ लाख पौंड घालून, त्यासाठीच काढलेल्या कंपनीमार्फत २०१४ मध्ये क्लब घेतला आणि फाउंडेशनशी लेखी करार केला. सुरुवातीची वर्गणी क्लबच्या चालू खर्चाला लागेल, नंतरच्या वर्गणीतून बज यांचे पैसे फिटतील आणि ते फिटले की भाग फाउंडेशनकडे येतील, असा तो करार. आपल्याकडे एखादा नातेवाईक घराची रक्कम आधी भरून टाकतो आणि घेणारा ती हप्त्याहप्त्याने फेडतो, तसाच हा व्यवहार. फरक इतकाच की घेणारे आठ हजार होते.

मैदानावरही गाडी रुळावर आली. २०१४-१५च्या हंगामात हार्ट्‌सने दुसऱ्या श्रेणीचे विजेतेपद ९१ गुण मिळवून, दुसऱ्या क्रमांकापेक्षा तब्बल २१ गुण अधिक घेऊन जिंकले. खरी परीक्षा त्यानंतर आली. टायनकॅसलची मुख्य प्रेक्षागॅलरी १९१४ची होती. ती पाडून नवी बांधायची तर पैसा लागणार होता. भाग ताब्यात घेणे लांबणीवर टाकून वर्गणीतला पैसा बांधकामाकडे वळवायला फाउंडेशनच्या सभासदांनी मंजुरी दिली आणि २०१७च्या नोव्हेंबरात नवी गॅलरी सुरू झाली. करोनाच्या साथीत, मैदाने रिकामी असताना आणि संघ पुन्हा खालच्या श्रेणीत ढकलला गेला असतानाही, बहुसंख्य लोकांनी वर्गणी थांबवली नाही. अखेर ३० ऑगस्ट २०२१ रोजी क्लबचे ७५.१ टक्के भाग फाउंडेशनच्या नावावर झाले.

७५.१ हा आकडा सहज आलेला नाही. ब्रिटिश कंपनी कायद्यात घटना बदलण्यासारखे विशेष ठराव मंजूर व्हायला ७५ टक्के मते लागतात. तेवढे भाग हाती असले की दुसऱ्या कोणाच्या संमतीवाचून क्लबचे मूलभूत निर्णय घेता येतात. फाउंडेशनच्या आत मात्र भागांचा हिशेब नाही. दरमहा दहा पौंड देणारा आणि शंभर देणारा, दोघांनाही एकच मत. सहकारी साखर कारखान्याच्या सभासदाला हे तत्त्व नवे नाही. भाग कितीही असोत, मत एक. रोजचा कारभार सभासद चालवत नाहीत. प्रशिक्षक कोण असावा, कोणता खेळाडू विकावा हे संचालक मंडळ ठरवते. मंडळावर फाउंडेशनचे प्रतिनिधी बसतात आणि वर्षातून एकदा सभेत त्यांना जाब द्यावा लागतो.

या चळवळीची मुळे हार्ट्‌सच्या आधीची, इंग्लंडमधल्या नॉर्थॅम्प्टनची आहेत. १९९२ मध्ये नॉर्थॅम्प्टन टाउन क्लब दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर असताना तिथल्या चाहत्यांनी विश्वस्त संस्था काढली. निधी जमवायचा, पण तो क्लबच्या कारभारात प्रतिनिधित्व मिळण्याच्या अटीवरच द्यायचा, असे त्यांनी ठरवले. तिचे प्रमुख ब्रायन लोमॅक्स चाहत्यांनी निवडून दिलेले संचालक म्हणून क्लबच्या मंडळावर बसले. तोवर चाहत्यांच्या मंडळाने लॉटरी काढायची, गॅलरीचे छप्पर बांधून द्यायचे आणि मालकाला नमस्कार करून बाजूला व्हायचे, अशीच रीत होती. २००० साली सरकारी पाठबळाने ‘सपोर्टर्स डायरेक्ट’ ही संस्था सुरू झाली आणि गावोगावी अशा विश्वस्त संस्था उभ्या राहू लागल्या. त्यांतल्या बहुतेकींची नोंदणी सहकारी कायद्याखाली झाली.

लंडनच्या विम्बल्डनमध्ये तर चाहत्यांना विकत घ्यायला क्लबच उरला नव्हता. २००२च्या मे महिन्यात त्यांचा क्लब सुमारे नव्वद किलोमीटर दूरच्या मिल्टन कीन्सला हलवायला तीन सदस्यांच्या आयोगाने दोन विरुद्ध एक अशी परवानगी दिली. चाहत्यांनी काही आठवड्यांत ‘एएफसी विम्बल्डन’ हा नवा क्लब काढला, उघड्या माळावर निवड चाचणी घेऊन संघ जमवला आणि नवव्या श्रेणीपासून सुरुवात केली. २०११ मध्ये हा क्लब वर चढत व्यावसायिक लीगमध्ये पोहोचला. मालकी ‘डॉन्स ट्रस्ट’ या चाहत्यांच्या संस्थेकडे. पुढे जुन्या वस्तीतल्या प्लाउ लेनवर मैदान बांधताना पैसा कमी पडला आणि बाहेरच्या गुंतवणूकदारांना मोठा हिस्सा द्यावा की काय, असा पेच आला. सभासदांनी २०२०च्या सुरुवातीला कर्जरोखे काढले. किमान हजार पौंड गुंतवायचे, मुदत आपण निवडायची आणि व्याजही शून्य ते चार टक्के यांमध्ये आपणच ठरवायचे. पन्नास लाख पौंडांहून अधिक रक्कम जमली आणि २०२०च्या नोव्हेंबरात नव्या प्लाउ लेनवर पहिला सामना झाला. कर्जरोखा हा देणगीपेक्षा कठोर मार्ग आहे, कारण ते पैसे कधीतरी परत करायचे असतात. पण मालकी त्याने हलत नाही आणि विम्बल्डनच्या लोकांना तेच हवे होते. एकदा क्लब हातातून गेलेल्या माणसांनी केलेली ही निवड आहे.

मतदानाचा अधिकार असला तरी माणसांना त्या क्लबचा लळा नसेल तर काय होते, हे केंट परगण्यातल्या एब्सफ्लीट युनायटेडने दाखवले. २००७ मध्ये सुरू झालेल्या ‘मायफुटबॉलक्लब’ या उपक्रमात जगभरातल्या हजारो लोकांनी प्रत्येकी ३५ पौंड भरले आणि २००८ मध्ये या छोट्या क्लबचे बहुसंख्य भाग घेतले. संघनिवडही सभासदांच्या मतांनी व्हावी, अशी मूळ कल्पना होती. त्याच वर्षी संघाने वेम्बलीवर एफए ट्रॉफी जिंकली. पण वर्गणी पुन्हा भरायची वेळ आली तेव्हा बहुतेक लोक गळाले, काही वर्षांत उत्पन्न आटले आणि २०१३ मध्ये क्लब दुसऱ्या मालकाकडे गेला. एडिनबरात वर्गणी टिकली, इथे टिकली नाही. टायनकॅसलच्या परिसरात वाढलेल्या माणसाचे नाते आणि पस्तीस पौंडांत विकत घेतलेले कुतूहल यांत हा फरक आहे.

क्लब वाचवणे आणि क्लब कायम राखणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पोर्ट्‌समथने दाखवून दिले. २००८ मध्ये एफए चषक जिंकणारा हा क्लब पाच वर्षांत दोनदा प्रशासकांकडे जाऊन चौथ्या श्रेणीपर्यंत घसरला. २०१३च्या एप्रिलमध्ये चाहत्यांच्या संस्थेने तो घेतला. दोन हजारांहून अधिक लोकांनी प्रत्येकी हजार पौंडांचे भाग घेतले, काही जणांनी मिळून एक भाग घेतला आणि सधन चाहत्यांनी त्यांत मोठी भर घातली. जुनी देणी फिटली आणि २०१७ मध्ये संघाने चौथ्या श्रेणीचे विजेतेपद मिळवले. त्याच वर्षी अमेरिकी उद्योजक मायकल आयझनर यांनी क्लब घेण्याची तयारी दाखवली. फ्रॅटन पार्क हे जुने मैदान दुरुस्त करायलाच मोठी रक्कम हवी होती. ती वर्गणीतून उभी राहणार नाही, असे बहुसंख्य भागधारकांना वाटले आणि त्यांनी विक्रीच्या बाजूने मत दिले. स्कॉटलंडमधल्या मदरवेल या चाहत्यांच्याच मालकीच्या क्लबच्या सभासदांनी २०२४ मध्ये नेमका उलटा निर्णय घेतला. बाहेरच्या गुंतवणूकदाराला वर्चस्व देणारा प्रस्ताव त्यांनी फेटाळला. दोन्ही निर्णयांमागे विचार होता. ज्यांनी पैसे घातले त्यांनाच विचारले गेले, ही दोहोंमधली समान गोष्ट.

गुंतवणूक म्हणून पाहिले तर या पैशाला लाभांश नसतो. भाग विकायला बाजार नसतो आणि संघ घसरला की त्याची किंमतही घसरते. हजार पौंड देणाऱ्याला हे सुरुवातीलाच स्पष्ट सांगणे हे अशा संस्थेचे पहिले कर्तव्य आहे.

जर्मनीत हा झगडा तितका तीव्र नाही, कारण तिथे नियमच वेगळा आहे. क्लबने कंपनी काढली तरी सभासदांच्या मूळ संघटनेकडे निम्म्याहून एक अधिक मत असावे लागते. लेव्हरकुझेन आणि वोल्फ्सबुर्ग हे त्याला परिचित अपवाद. तरीही पैसा तिथल्या चाहत्यांनाही उभा करावा लागतोच. बर्लिनच्या उनियोन क्लबच्या चाहत्यांनी २००४ मध्ये रक्तदान करून त्याचा मोबदला क्लबला दिला आणि २००८-०९ मध्ये दोन हजारांहून अधिक स्वयंसेवकांनी स्वतःच्या हातांनी मैदानाची पुनर्बांधणी केली. हाम्बुर्गच्या सांक्ट पाउलीने २०२४ मध्ये सहकारी संस्था स्थापली. वीस हजारांहून अधिक सभासदांनी सुमारे २.९ कोटी युरो भरले आणि क्लबच्या मैदानाची बहुसंख्य मालकी त्या संस्थेकडे गेली.

हार्ट्‌सपुढे २०२५ मध्ये नवा प्रश्न आला. ब्रायटन क्लबचे मालक टोनी ब्लूम यांनी ९८.६ लाख पौंड गुंतवण्याची तयारी दाखवली. युरोपात खेळण्याची आकांक्षा दहा पौंडांच्या वर्गणीवर पुरी होत नाही, हे सभासदांनाही कळत होते. वाटाघाटीत ब्लूम यांना २९ टक्के भाग मिळाले, पण ते मतदानाचा हक्क नसलेले. प्रस्ताव फाउंडेशनच्या सभासदांपुढे ठेवला गेला आणि तो फार मोठ्या बहुमताने संमत झाला. पैसा आला, मते जिथल्या तिथे राहिली आणि महिन्याच्या महिन्याला दहा पौंडांची वर्गणीही सुरूच राहिली.