बॉक्सवर ५जी, आत काय?

सकाळी ठाण्याहून वाशीला जाणाऱ्या लोकलमध्ये दाराजवळ उभं राहायला जागा मिळाली, तर एक गंमत करून बघा. रील्स बंद करा आणि फोनच्या वरच्या कोपऱ्यातल्या छोट्या अक्षरांकडे लक्ष ठेवा. परवा मी आणि माझ्या मैत्रिणीने हेच केलं. ऐरोलीला दोघींच्या फोनवर ५जी. रबाळे सोडलं आणि माझं ४जी झालं. घणसोलीला परत ५जी, पुढे पुन्हा ४जी. तिच्या फोनवर मात्र शेवटपर्यंत ५जी, हलायचं नाव नाही. सिम दोघींचं एकाच कंपनीचं, डबा तोच, गर्दीही तीच. आणि हो, माझा फोन तिच्याहून महाग!

फोन घ्यायला जाताना आपण काय काय विचारतो? कॅमेरा किती मेगापिक्सेल, रॅम किती, चार्जिंग किती वॅट, स्क्रीन एकशेवीस हर्ट्झ आहे ना. गेम खेळणारा असेल तर प्रोसेसरचं नाव विचारतो. मोडेम कुठला, हे विचारणारा मी तरी अजून पाहिलेला नाही. मीही विचारलं नव्हतं. मी पडले मास मीडियावाली, मोडेम म्हणजे घरी लुकलुकणारा वायफायचा डबा एवढंच माझं ज्ञान. या लेखासाठी वाचायला घेतलं आणि कळलं की ज्या एका कामामुळे फोनला ‘फोन’ म्हणायचं, ते काम हा मोडेमच करतो.

आपण ज्याला सरसकट प्रोसेसर म्हणतो, ती खरं तर एकाच चिपवर वसलेली सोसायटी असते. एका फ्लॅटमध्ये अॅप चालवणारा सीपीयू, दुसऱ्यात गेमचं ग्राफिक्स सांभाळणारा जीपीयू, तिसऱ्यात फोटो नीट करणारा भाग. त्याच सोसायटीत मोडेम राहतो. तुमचा आवाज, मेसेज, व्हिडिओ यांचे शून्य-एक तो रेडिओ लहरींच्या रूपात टॉवरकडे पाठवायला तयार करतो आणि आलेल्या लहरींमधून परत शून्य-एक काढतो. लोकल धावत असताना तो आजूबाजूच्या टॉवरांचे सिग्नल सतत मोजून नेटवर्कला कळवतो, म्हणजे पुढच्या टॉवरकडे कधी सोपवायचं ते ठरतं. सिग्नल कमकुवत झाला तर जास्त ताकदीने ‘ओरडायला’ लागतो. प्रवासात बॅटरी भराभर उतरते त्याचं एक कारण हे. म्हणजे दोष दरवेळी इन्स्टाचाच नसतो.

मोडेमने नवी मुंबईला जेवढं नाचवलंय, तेवढं क्वचितच दुसऱ्या कुठल्या शहराला नाचवलं असेल. आपल्या ट्रान्सहार्बर मार्गावर घणसोली आणि कोपरखैरणे ही एकामागोमाग एक स्टेशनं. गेल्या वीस-बावीस वर्षांत देशाच्या मोबाइलचं दोनदा उलथंपालथं झालं, त्याचे दोन पत्ते या दोन स्टेशनांजवळ आहेत.

पहिला पत्ता कोपरखैरण्याची धीरूभाई अंबानी नॉलेज सिटी. रिलायन्स इन्फोकॉमचा कारभार तिथून चालायचा. २००२च्या डिसेंबरअखेर ही सेवा सुरू झाली आणि २००३च्या पावसाळ्यात ‘मान्सून हंगामा’ नावाची योजना आली: सुरुवातीला ५०१ रुपये भरा, हँडसेट घेऊन जा. आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या घरचा पहिला मोबाइल तोच. पण त्यात एक मेख होती. बाकीच्या बहुतेक कंपन्या जीएसएमवर होत्या, रिलायन्सने सीडीएमए निवडलं. सीडीएमए मोबाइलमध्ये आणलं ते अमेरिकेतल्या सॅन डिएगोच्या क्वालकॉमने. सुरुवातीच्या त्या फोनमध्ये सिमकार्डच नव्हतं, नंबर थेट हँडसेटमध्ये भरलेला असायचा. कंपनी बदलायची तर फोनही बदला. पुढे अंबानी बंधूंची वाटणी झाली, कंपनी अनिल अंबानींकडे गेली, तिनेही जीएसएमची वाट धरली. अखेर २०१७च्या शेवटी रिलायन्स कम्युनिकेशन्सची मोबाइल कॉलिंग सेवा बंद पडली. जुने सीडीएमए फोन बिघडले नव्हते. त्यांचा मोडेम ज्या भाषेत बोलायचा, ती ऐकणारं कुणी उरलं नव्हतं. आजीआजोबांच्या कपाटात असा एखादा काळा डबा अजून असेल, विचारून बघा.

दुसरा पत्ता घणसोलीचा, ठाणे-बेलापूर रोडवरचं रिलायन्स कॉर्पोरेट पार्क. जिओ तिथली. ५ सप्टेंबर २०१६ला ती सर्वांसाठी खुली झाली आणि १७० दिवसांत १० कोटी ग्राहक झाले, हे आपण ऐकलेलं असतं. फुकट डेटा आठवतो. त्यामागची मोडेमची भानगड कुणी सांगत नाही. जिओने २जी आणि ३जी ठेवलंच नाही, थेट ४जी. आता ४जी हे मुळात डेटाचं जाळं, त्यात जुन्या पद्धतीच्या कॉलला जागाच नाही. इतर कंपन्यांच्या ४जी फोनवर कॉल आला की फोन गुपचूप ३जी किंवा २जीवर उतरायचा आणि बोलणं संपलं की परत वर चढायचा. जिओकडे खाली उतरायला जिनाच नव्हता. आवाजसुद्धा डेटाच्या पाकिटांतूनच न्यायचा, म्हणजे व्होल्टी. आणि त्या काळात विकल्या गेलेल्या अनेक ४जी फोनमध्ये व्होल्टीची सोय नव्हती. बॉक्सवर ४जी, नेट धावतंय, पण साधा कॉल लागत नाही! त्यासाठी वेगळं अॅप टाकावं लागायचं. म्हणजे दुधाची तहान ताकावर.

मग जिओने उलटा विचार केला. लोकांकडे आपल्या जाळ्याला चालणारा फोन नाही, तर तसा फोनच आणू. जुलै २०१७मध्ये १५०० रुपये अनामत घेऊन बटणांचा जिओफोन जाहीर झाला. आत क्वालकॉम किंवा स्प्रेडट्रम या कंपन्यांची, बटणवाल्या ४जी फोनसाठी काढलेली स्वस्त चिप. २०२१च्या दिवाळीतला जिओफोन नेक्स्टही क्वालकॉमच्याच चिपवर होता. आधी फोन बघून जाळं आखायचे, इथे जाळं आखून झालं आणि चिप त्यामागून आली.

आता आपल्या पिढीचा मामला, ५जी. १ ऑक्टोबर २०२२ला दिल्लीत पंतप्रधानांच्या हस्ते उद्घाटन झालं. आपल्याला वाटलं, ५जी म्हणजे ५जी. तसं नाहीये. एअरटेलने सुरुवात केली एनएसए, म्हणजे नॉन-स्टँडअलोन पद्धतीने. त्यात ५जी हे जुन्या ४जीच्या खांद्यावर बसतं. फोन एकाच वेळी ४जी आणि ५जी दोन्हींना धरून ठेवतो. जिओने घेतलं एसए, म्हणजे स्टँडअलोन. सगळं नवं, ४जीचा आधार नाही. दोन्हींचं नाव स्क्रीनवर एकच दिसतं, पण मोडेमच्या दृष्टीने ही दोन वेगळी कामं आहेत. सुरुवातीला तर हातात ५जी फोन असूनही लोक महिनोन्‌महिने ४जीवरच होते, कारण भारतातल्या जाळ्यांसाठी सॉफ्टवेअर अपडेट यायचा होता. लाखभराचा आयफोन घेतलेल्यांनाही डिसेंबर २०२२मधल्या आयओएस १६.२ची वाट बघावी लागली. तेव्हा स्वस्त फोनवाल्यांना थोडं बरं वाटलं असणार, खोटं कशाला बोला!

पण खरी फजिती पुढे होती, आणि ती महागड्या फोनमध्ये नाही तर आपल्या बजेटमध्ये होती. जुलै २०२४मध्ये क्वालकॉमने स्नॅपड्रॅगन ४एस जेन २ ही चिप आणली. उद्देश चांगला होता: ९९ डॉलरच्या आसपास ५जी फोन मिळावा. काटकसर करताना मोडेममधून एनएसए गेलं. कारण समजण्यासारखं आहे. दोन जाळी एकाच वेळी धरायची तर रेडिओचा पसारा वाढतो आणि पसारा वाढला की पैसे वाढतात. नोव्हेंबर २०२४मध्ये शाओमीचा रेडमी ए४ ५जी या चिपसह आला, किंमत ८४९९ रुपयांपासून. नावातच ५जी. पण चालणार फक्त एसए! जिओचं सिम घाला, ५जी येईल. एअरटेलचं ५जी तेव्हा एनएसएवर चालत होतं, त्यामुळे तिथे हाच फोन ४जीवर. टेक चॅनेलवाल्यांनी हे लगेच पकडलं, स्पेसिफिकेशनच्या पानावरही होतं. पण साडेआठ हजारांचा फोन घेणाऱ्याने स्पेसिफिकेशनचं पान वाचावं, ही अपेक्षा कुणी करायची? हा फोन घेणारा म्हणजे पहिल्या पगारातून घरी फोन देणारा, किंवा अकरावीतल्या बहिणीला क्लाससाठी घेऊन देणारा दादा. त्याला दुकानात ‘५जी आहे ना?’ एवढंच विचारायचं माहीत असतं, आणि त्याला मिळणारं ‘हो’ हे उत्तर खोटंही नसतं. हे मला सगळ्यात जास्त खटकतं.

मग दुसऱ्या कुणाचा मोडेम घ्यावा म्हटलं, तर पर्याय किती? क्वालकॉम, तैवानची मीडियाटेक, सॅमसंग, चीनच्या हुवावे आणि युनिसॉक (वरची स्प्रेडट्रम, आता या नावाने). यादी जवळजवळ संपली. या धंद्यात हात पोळून घेतलेल्यांची यादी मोठी आहे. ग्राफिक्ससाठी आज जग जिला डोक्यावर घेतं त्या एनव्हिडियाने २०११मध्ये आयसेरा ही मोडेम कंपनी विकत घेतली आणि २०१५मध्ये तो उद्योग गुंडाळला. ब्रॉडकॉमने २०१४मध्ये हात वर केले. इंटेलने आयफोनला मोडेम पुरवले, पण ५जीच्या तोंडावर एप्रिल २०१९मध्ये माघार घेतली. तो विभाग अॅपलने १ अब्ज डॉलर देऊन घेतला, सोबत सुमारे २२०० माणसं आली. एवढा पैसा, एवढी माणसं, तरी अॅपलचा स्वतःचा पहिला मोडेम सी१ बाजारात आला फेब्रुवारी २०२५मध्ये, आयफोन १६ईमधून. त्याच वर्षीच्या आयफोन १७मध्ये परत क्वालकॉमचाच मोडेम होता.

इतकं अवघड का? कारण मोडेमला फक्त नवी भाषा येऊन चालत नाही. २जीपासून ५जीपर्यंतच्या सगळ्या भाषा, डझनांनी फ्रिक्वेन्सी, जगभरच्या कंपन्यांची वेगवेगळ्या बनावटीची उपकरणं, आणि हे सगळं धावत्या गाडीत, बॅटरी न संपवता. वर पेटंटचं जंगल. प्रोसेसर थोडा हळू असला तर गेम अडखळतो. मोडेम चुकला तर १०८ला कॉल लागत नाही.

‘आता चिप आपल्याकडेच बनणार ना?’ हा प्रश्न नवी मुंबईत हमखास येतो. सप्टेंबर २०२४मध्ये तळोज्याच्या प्रकल्पाची बातमी आली तेव्हा कॉलेजच्या ग्रुपवर रॉकेटच्या इमोजींचा पाऊस पडला होता. अदानी आणि इस्रायलची टॉवर सेमिकंडक्टर, ८३,९४७ कोटी रुपये, राज्य मंत्रिमंडळाच्या उपसमितीची मंजुरी. २०२५मध्ये अदानी समूहाने ही बोलणी थांबवल्याच्या बातम्या आल्या, तेव्हा ग्रुप शांत होता. त्याच सप्टेंबरात इकडे महापेत आरआरपी इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रकल्पाचं उद्घाटन झालं, पण तो बाहेर तयार झालेल्या चिपचं पॅकेजिंग आणि चाचणी करण्यासाठीचा. ते कमी दर्जाचं काम नाही, फक्त ते चिप घडवणं नाही. तळोज्याचा कारखाना उभा राहिला असता तरी त्यातून स्नॅपड्रॅगन निघाला नसता. टॉवर कंपनीचा हातखंडा अॅनालॉग आणि रेडिओच्या चिपमध्ये, म्हणजे फोनमध्ये अँटेनाच्या जवळ बसणाऱ्या छोट्या चिपही त्यात आल्या. तीन-चार नॅनोमीटरचे मुख्य प्रोसेसर प्रामुख्याने तैवानच्या टीएसएमसीकडे आणि सॅमसंगकडे बनतात. भारतात या क्षेत्रातलं भरपूर काम होतं ते डिझाइनचं, आणि त्यासाठी आपली इंजिनीअरिंगची पोरं अजून तरी बेंगळुरू, हैदराबाद किंवा नोएडाचं तिकीट काढतात.

तोवर निदान फोन तरी बघून घेऊ. कंपनीच्या साइटवर फोनच्या पानावर अगदी तळाला जा, जिथे कुणी जात नाही. ‘नेटवर्क बँड’ असं लिहिलेलं असतं. तिथे ५जीपुढे एसए आणि एनएसए दोन्ही आहेत का ते बघा. एकच असेल तर तुमच्या सिमची कंपनी तुमच्या भागात काय वापरते, ते आधी विचारा. मग आकड्यांची रांग: एन७८ म्हणजे ३५०० मेगाहर्ट्झचा पट्टा, वेग भरपूर पण भिंतीपुढे दमणारा. एन२८ म्हणजे ७०० मेगाहर्ट्झ, वेग बेताचा पण लांब जाणारा आणि घरात शिरणारा. २०२२च्या लिलावात हा ७००चा पट्टा एकट्या जिओने घेतला. म्हणजे तुमचं सिम जिओचं असेल, तर एन२८ आहे की नाही हे नक्की बघा. दुकानात उभं राहूनही हे काम दोन मिनिटांत होतं, फक्त दुकानदार ‘कॅमेरा बघा ना ताई’ म्हणत राहतो.

त्या दिवशी वाशीला उतरल्यावर आम्ही दोघींनी आपापल्या फोनची पानं उघडली. एसए दोघींकडे, एनएसए दोघींकडे, एन७८ दोघींकडे. तिच्या यादीत एन२८ होतं. माझ्या यादीत मी ते तीनदा शोधलं.