कृष्णाकाठाने, वरच्या अंगाला

पुण्या-मुंबईची गाडी वाईत थांबते ती ढोल्या गणपतीपुरती. दर्शन झालं, फोटो झाले, की पसरणीचा घाट चढून ती पाचगणी-महाबळेश्वरला निघून जाते. त्यामुळे कृष्णेच्या काठाकाठाने वर मेणवली आणि धोमकडे जाणारा रस्ता बऱ्यापैकी मोकळा राहतो आणि पळणाऱ्यांचं फावतं. गेल्या दहा-पंधरा वर्षांत महाराष्ट्रात रस्त्यावर पळण्याचं वेड चांगलंच पसरलं. शहरातल्या धावकाच्या नशिबी मात्र बागेतल्या त्याच त्या फेऱ्या. अशा माणसाला सुट्टीच्या सकाळी एकच रस्ता सुचवायचा झाला, तर मी वाई-धोम सुचवेन. एका बाजूचं अंतर सुमारे आठ किलोमीटर, चढ बेताचा, आणि दोन्ही अंगांना डोंगर.

पळणाऱ्याला लागतं काय? पाणी, सावली, पायाखाली बरी जमीन आणि मधूनमधून टेकायला जागा. पायी हिंडणाऱ्या जुन्या वाटसरूलाही हेच लागायचं. या खोऱ्यातली गावं, नदीचे घाट, देवळं अशी पायांच्या हिशेबाने वसलेली आहेत. मोटारीने मेणवली इतकी जवळ की कित्येकांना तिथे उतरावंसंही वाटत नाही. पळणाऱ्याला ती अंग नुकतं तापू लागतं तेव्हा, पहिला घोट घ्यायच्या वेळी भेटते.

सुरुवात गणपती घाटावरून करावी, उजाडायच्या थोडी आधी. घाटावर तेव्हा अंघोळीला आलेली चार माणसं आणि पुजारी एवढीच वर्दळ असते. काशीविश्वेश्वराचं देऊळ 1757चं, आनंदराव रास्त्यांनी बांधलेलं. गणपतीचं 1762चं, गणपतराव रास्त्यांचं. रास्ते हे पेशव्यांचे सावकार आणि सोयरे. नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई याच घराण्यातल्या. वाईच्या घाटांवर एवढा घडीव दगड कुठून आला, याचं उत्तर बरंचसं या सोयरिकीत आहे. गणपतीची मूर्ती पाहायला सगळेच जातात. पायांचे स्नायू सैल करता करता देवळाच्या मागे जाऊन भिंत पाहावी. ती माशासारखी निमुळती बांधली आहे, म्हणजे पुराचा लोंढा तिच्यावर आदळून दोन बाजूंना फाटतो आणि देऊळ उभं राहतं. बांधणाऱ्याने देवाइतकाच नदीचाही विचार केला होता.

गावात असे सात घाट, आणि हिवाळा सरताना प्रत्येक घाटावर पाळीपाळीने कृष्णाबाईचा उत्सव भरतो. त्याची कथा अफझलखानापर्यंत जाते. 1659 साली प्रतापगडाच्या भेटीआधी खानाचा तळ वाईत होता, आणि शिवाजीराजांना यश यावं म्हणून इथल्या शेंडे घराण्यातल्या शास्त्र्यांनी कृष्णेला नवस केला, असं वाईकर सांगतात. उत्सवाच्या दिवसांत घाटाजवळच्या गल्ल्या मांडवांनी भरलेल्या असतात. तेव्हा पळायची सुरुवात गावाबाहेरून केलेली बरी.

गाव सुटलं की उसाचे फड सुरू होतात, मध्येच हळदीची वावरं. उजव्या हाताला पांडवगड दिसू लागतो. आणखी तीनेक किलोमीटरवर मेणवली. इथे मात्र घड्याळ थांबवावं. वेळेचा हट्ट धरणाऱ्याने हा रस्ता न धरलेलाच बरा.

नाना फडणवीसांचा सहा चौकांचा वाडा इथे अजून उभा आहे. भिंतींवर मराठा शैलीची चित्रं आहेत, लाकूडकाम आहे, आणि एकामागून एक चौक ओलांडत गेलं की मागच्या दारातून थेट नदीवर उतरता येतं. कारभार पुण्यात करणाऱ्या या माणसाने आपलं खासगी दप्तर या आडगावी ठेवलं. उत्तर पेशवाईचा इतिहास लिहिणाऱ्यांना ते पुढे फार उपयोगी पडलं, संशोधक द. ब. पारसनीस यांचं नाव या मेणवली दप्तराशी कायमचं जोडलं गेलं आहे. हल्लीच्या पाहुण्यांना मात्र वाड्याची ओळख पटते ती 2004च्या ‘स्वदेस’ चित्रपटामुळे. शाहरुख खान पडद्यावर ज्या चरणपूर गावात येतो, ते गाव बहुतांशी मेणवलीच.

वाड्यामागचा घाट चंद्रकोरीच्या आकाराचा आहे. काठावर मेणेश्वराचं आणि विष्णूचं अशी दोन देवळं, आणि शेजारच्या लहानशा बांधकामात टांगलेली एक भली मोठी घंटा. जवळ जाऊन पाहिलं की तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी दिसते आणि 1707 हे साल. चिमाजी अप्पांनी 1739 साली पोर्तुगिजांकडून वसई जिंकली, तेव्हा चर्चमधल्या घंटा सरदारांनी विजयचिन्ह म्हणून आणल्या आणि आपापल्या देवांना वाहिल्या. भीमाशंकरच्या देवळासमोरची घंटाही त्यातलीच. साडेसहाशे किलोंच्या वर भरणारं हे धूड घाट चढवून इथवर आणलं, हे आठवलं की कमरेच्या पट्ट्यातल्या अर्ध्या लिटर पाण्याबद्दल कुरकुर करायची सोय उरत नाही.

मेणवलीनंतर रस्ता आणखी शांत होतो. शेताला निघालेली माणसं हमखास विचारतात, “काय पाव्हणं, कुठवर?” धोम म्हणून सांगावं, म्हणजे बाई-पुरुष न पाहता कौतुकही होतं आणि एस्टी कधीची आहे तेही कळतं. उगाच पळायचं हे त्यांना पटतं की नाही कोण जाणे, पण चहाचा आग्रह मात्र खरा असतो. गावच्या वेशीवर आणि देवळाच्या आवारात चालतच जावं. कुत्री पळणाऱ्याच्या मागे लागतात, चालणाऱ्याच्या सहसा नाही. हा झाला व्यवहार. शिवाय सकाळच्या पूजेच्या वेळी धापा टाकत आत घुसणं शोभतही नाही.

धोमला नरसिंहाचं आणि महादेवाचं देऊळ. महादेवासमोरचा नंदी दगडी कासवाच्या पाठीवर बसला आहे आणि कासव कमळाच्या आकाराच्या हौदात. हौद भरला की नंदी पाण्यावर तरंगतो आहे असं वाटावं, अशी ही योजना. गावाच्या वरच धोमचं धरण. 1970च्या दशकात बांधलेल्या या धरणाची साठवण साडेतेरा टीएमसीच्या आसपास. खालच्या वाईचा पूर त्याने बराच आवरला. वरच्या अंगाची जमीन पाण्याखाली गेली आणि माणसांना उठावं लागलं. धरणाच्या बाजूने पाहिलं की पाण्याच्या वर कमळगड दिसतो. पायांत बळ असेल त्याने पाण्याच्या कडेचा रस्ता धरून हवं तेवढं पुढे जावं आणि 21 किलोमीटरचा हिशेब पुरा करावा. बाकीच्यांनी इथून मागे फिरावं.

दुसरा रस्ता पसरणीच्या घाटाचा, आणि तो वेगळ्या जातीचा. वाई समुद्रसपाटीपासून सुमारे 700 मीटरवर, पाचगणी 1,300च्या आसपास, आणि मधलं अंतर बाराएक किलोमीटर. म्हणजे शंभर मीटरला सरासरी पाच मीटर चढ, तोही न थांबणारा. इथे मिनिटांचा हिशेब सोडून श्वासाचा धरावा: शेजारच्याशी एक वाक्य बोलता आलं पाहिजे. चढापेक्षा उतार महाग पडतो, हे दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कळतं. उतारावर मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच अंगाचा भार पेलतो, आणि ठणका त्यानेच लागतो. पायथ्याचं पसरणी हे शाहीर साबळ्यांचं गाव. घाट चढून गेल्यावर दम उरलाच, तर पाचगणीपासून पाचेक किलोमीटरवर भिलार आहे, स्ट्रॉबेरीच्या मळ्यांचं आणि 2017पासून पुस्तकांचं. तिथे घराघरांत पुस्तकं मांडलेली असतात. शनिवार-रविवारी मात्र हा घाट टाळावा. पर्यटकांच्या गाड्यांमध्ये पळणाऱ्याला जागा नाही.

चढाची खरी परीक्षा द्यायची असेल त्यांच्यासाठी साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन आहे. 2012पासून ती भरते, पावसाळा ओसरत असताना. शहरातून यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याला लागायचं आणि तसंच परत यायचं. धुकं आणि भुरभुर पाऊस यांची तयारी ठेवावी. स्पर्धेच्या दिवशी वाहनं वळवलेली असतात, म्हणून तो घाट त्या दिवशी खराखुरा पायांचा होतो.

एरवी मोसम म्हणाल तर दिवाळी ते शिवरात्र. पण याच काळात साखर कारखान्यांचा गाळप हंगाम असतो आणि उसाने लादलेल्या दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर रस्त्यावर येतात. ट्रॅक्टरवाल्याच्या मागे मोठ्याने गाणी चालू असतात, त्याला हाक ऐकू जात नाही. म्हणून उजव्या कडेने, समोरून येणारं वाहन दिसेल असं पळावं आणि आपल्या कानांत मात्र काही घालू नये. रंगपंचमीला बावधनचं बगाड असतं. त्या दिवशी वाईच्या आसपासचे रस्ते गर्दीने भरून वाहतात; पळायचे कपडे घरी ठेवून सरळ यात्रेला जावं.

परतीला साताऱ्याच्या बाजूने जाणार असाल तर महामार्ग सोडून लिंब गावात वळावं. तिथली बारा मोटांची विहीर 1719 ते 1724 या काळात विरूबाई भोसले यांनी बांधवून घेतली. आकार अष्टकोनी, खोली सुमारे 110 फूट, आणि वर एका वेळी बारा मोटा चालतील अशी सोय. आमराईला पाणी पुरवण्यासाठी ही सगळी खटपट, आणि त्या पाण्याच्या वरच बसायला एक लहानसा महालही. पायऱ्या उतरायच्या त्या सावकाश, विशेषतः सकाळी पसरणीचा घाट उतरला असेल तर.