जुनी सायकल चमकवून विकायची? पॉलिशचा बोळा रिमपासून लांब ठेवा

थोड्या भांडवलात काय सुरू करता येईल, असं विचारणाऱ्यांना मी हल्ली जुन्या सायकलींचं काम सुचवतो. आपल्या नगरला (कागदोपत्री आता अहिल्यानगर) जूनच्या मध्यावर शाळा उघडल्या की सायकलीला गिऱ्हाईक असतं. माल भंगारवाल्याकडे वर्षभर मिळतो, दिवाळीच्या आवराआवरीत जरा जास्त.

घेताना गंजाला घाबरू नका, वाकलेल्या फ्रेमला घाबरा. हॅण्डलखालच्या जोडापाशी बारीक चीर दिसली, किंवा मागून पाहताना दोन्ही चाकं एका रेषेत नसली, तर फुकटातही नको. फ्रेमवर नंबर ठोकलेला असतो, बहुतेक वेळा पायडलच्या जोडाखाली. तो खोडलेला असेल तर सोडून द्या. विकणाऱ्याचं नाव, तारीख, नंबर, रक्कम लिहून सही घ्या. चोरीचा माल जाणूनबुजून घेणं भारतीय न्याय संहितेच्या कलम 317 खाली गुन्हा आहे.

आता साफसफाई. कपड्यांची पावडर पाण्यात कालवून स्पंजने धुवा. सर्व्हिसिंगवाल्याच्या प्रेशर पंपाखाली सायकल धरायची नाही. पाणी हबमध्ये घुसतं, ग्रीस निघून जातं आणि थोड्याच दिवसांत कुरकुर सुरू. चेन डिझेलमध्ये भिजवा, जुन्या टूथब्रशने घासा, कोरडी करा, मग प्रत्येक कडीवर तेलाचा एकच थेंब. वरचं तेल पुसून टाका, नाहीतर आपल्याकडची धूळ चिकटून पुन्हा काळा लगदा. हॅण्डलच्या क्रोमवर गंजाचे ठिपके असतील तर पोळ्या गुंडाळायची अ‍ॅल्युमिनियम फॉइल पाण्यात बुडवून चोळा. फॉइल स्टीलपेक्षा मऊ, त्यामुळे चरे पडत नाहीत. पॉलिश पेपर मारला तर क्रोमच निघतं.

सायकल चमकायला लागली की हात थांबत नाही, आणि पॉलिशचा बोळा रिमवरूनही फिरतो. ब्रेकचे रबर जिथे घासतात तिथे तेल किंवा पॉलिश लागलं की ब्रेक नीट लागत नाही. उसाच्या हंगामात राहुरी, श्रीरामपूरकडे ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या धावतात. त्याच रस्त्याने तुमच्या सायकलवर नववीतली मुलगी शाळेत जाणार आहे. म्हणून रिम साबणाने धुवून कोरडी पुसा, चारही ब्रेक रबर नवे टाका, ब्रेकची वायर विस्कटली असेल तर तीही बदला.

स्प्रे पेंटच्या मी विरोधात आहे. नवा रंग दिसला की खाली काय दडवलंय, ही शंका गिऱ्हाईकाला आधी येते. मूळ रंगावर वॅक्स पुरे. सीट कव्हर, ग्रिप आणि घंटी मात्र नवी लावा. पोरं तेच बघतात!

हिशोब बघू. समजा 700 ला घेतली, सामानाला 350 लागले आणि 1,600 ला विकली. 550 सुटले असं वाटतं. पण तुमचे चार तास गेले. तासाला 100 धरले तरी खरी शिल्लक 150. दोन टायर बदलावे लागले असते तर तीही गेली असती. त्यामुळे टायरच्या भेगा घेतानाच बघा, घासाघीस तिथेच करा.

सुरुवातीला तीनपेक्षा जास्त घेऊन ठेवू नका, पैसा अडकतो. विकताना गिऱ्हाईकाला चक्कर मारायला लावा, ब्रेक दाबून बघू द्या, आणि पावतीवर स्पष्ट लिहा: ब्रेक रबर नवे, मागचा टायर जुना.