जुन्या संगणकावर नवा प्रोग्रॅम

आमची हयात यंत्रमाग कामगारांच्या संघटनेत गेली. शाळा सातवीत सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते रात्रशाळेत, वाचनालयात आणि लेबर कोर्टाच्या बाकांवर. तेव्हा संगणकासारख्या विषयावर आम्ही बोलावे हे पुष्कळांना चमत्कारिक वाटेल. पण हा विषय आपल्या पायांनी आमच्या कचेरीत आला, आणि आला तो भांडण घेऊनच.

कचेरीत देणगीदाखल मिळालेला एक संगणक आहे. त्यावर उबुंटू नावाची, २०१८ साली निघालेली ऑपरेटिंग सिस्टिम आहे. सभासदांची ओळखपत्रे छापणारा आमचा जुना प्रिंटर तिच्याशीच जमवून घेतो, म्हणून ती बदलण्याचे आम्ही टाळत आलो. बोनसच्या थकलेल्या दाव्यांचा हिशेब ठेवणारा एक प्रोग्रॅम एका मित्रसंघटनेने आम्हांला दिला. तो या यंत्रावर सुरूच होईना. पडद्यावर एकच ओळ: जीलिबसीची २.२८ आवृत्ती सापडली नाही. आमच्याकडे होती २.२७. २.२७ निघाली फेब्रुवारी २०१८ मध्ये, २.२८ त्याच वर्षीच्या ऑगस्टात. सहा महिन्यांच्या अंतरापायी सव्वातीनशे माणसांचे दावे अडले! दुकानदार म्हणाला, ‘यंत्र जुने झाले, टाकून द्या.’ हे वाक्य आम्ही पन्नाशीच्या माणसांविषयी इतक्यांदा ऐकले आहे की ते कानी पडताच आम्हांला कागदपत्रे तपासावीशी वाटतात.

ही जीलिबसी म्हणजे काय? फाइल उघडणे, घड्याळ वाचणे, मजकूर उतरवून घेणे ही बारीकसारीक कामे प्रत्येक प्रोग्रॅम स्वतः करीत बसत नाही. खात्यातला प्रत्येक माणूस घरून पाना आणीत नाही, स्टोअरमधून मागून घेतो, तसेच हे. लिनक्स जातीच्या बहुतेक संगणकांवर या सामाईक स्टोअरचे नाव जीलिबसी. आणि माणसाने लिहिलेल्या प्रोग्रॅमचे यंत्राला कळणाऱ्या आज्ञांत रूपांतर करतो तो कंपायलर. हे रूपांतर पुरे होताना स्टोअरमधल्या कोणत्या वस्तूवर कोणत्या आवृत्तीचा शिक्का आहे, याचीही नोंद प्रोग्रॅममध्ये होते.

शिक्के कशासाठी, हे एका उदाहरणाने सांगतो. ‘मेमकॉपी’ म्हणून मजकूर उतरवून घेण्याचे एक काम आहे. त्याची जलद रीत निघाली तेव्हा, जे जुने प्रोग्रॅम ते काम नियम सोडून वापरीत होते ते बिघडू लागले. मग २०११ साली २.१४ या आवृत्तीत तोड काढली गेली: जुन्या शिक्क्याने मागेल त्याला जुनी रीत, नव्या शिक्क्याने मागेल त्याला नवी. आमच्या भाषेत सांगायचे तर नवा करार झाला तरी जुन्या कामगाराच्या जुन्या शर्ती शाबूत राहिल्या. आम्ही तीस वर्षे मालकांशी करार करीत आलो, पण दिलेला शब्द इतका निगुतीने पाळणारा मालक काही आम्हांला भेटला नाही.

पण करार एकाच दिशेने पाळला जातो. जुना प्रोग्रॅम नव्या यंत्रावर चालेल. नव्या यंत्रावर बांधलेला जुन्यावर चालेलच असे नाही. आणि यातली खरी मेख अशी की त्या प्रोग्रॅमला नव्या वस्तूची गरज असतेच असे नाही. मेमकॉपी कितीतरी जुनी. पण नव्या यंत्रावर बांधणी झाली की शिक्का नवा लागतो, आणि प्रोग्रॅम सुरू करून देणारा दारवान काम विचारीत नाही, शिक्का पाहतो. आमचेही तसेच झाले होते. अडले होते ते फाइलींची व्यवस्था पाहणारे एक जुनेच काम, २.२८ मध्ये त्याला नवा शिक्का मिळाला होता, एवढेच.

आमच्या एका सभासदाची मुलगी डिप्लोमा झालेली आहे. ती म्हणाली, ‘काका, मूळ मजकूर मिळाला तर इथेच बांधू.’ मजकूर मिळाला. पण आमच्या यंत्रावरचा कंपायलर, जीसीसी, सातव्या आवृत्तीचा. आणि प्रोग्रॅम लिहिला होता सी प्लस प्लस भाषेच्या २०१७ सालच्या नियमांनी. फाइलींची मांडणी करणारा त्यातला एक भाग या कंपायलरला नीट ठाऊकच नव्हता.

इथे आम्ही एक आगाऊपणा केला. ती घरी गेल्यावर आमच्या एका उत्साही कार्यकर्त्याने नवी जीलिबसी आणून जुनीच्या जागी टाकली. परिणाम असा की नवा प्रोग्रॅम तर राहिलाच, साधी फाइलींची यादी दाखवणारी आज्ञाही बंद पडली. सगळे खातेच ज्या स्टोअरवर चालते ते भर पाळीत उचलून बदलायचे नसते. सगळे पुन्हा चढवण्यात दोन दिवस गेले.

मग मुलीने रीतसर काम केले. जीसीसीची नववी आवृत्ती तिने मूळ मजकुरातून त्याच यंत्रावर, वेगळ्या फोल्डरात बांधली. बिचारे रात्रभर घरघरत होते. प्रोग्रॅम बांधला गेला, पण चालवताना पुन्हा तक्रार! या खेपेस सी प्लस प्लसची स्वतंत्र लायब्ररी असते तिची. कंपायलर नवा, पण दारवान अजून सिस्टिमची जुनीच लायब्ररी पुढे करीत होता. तेव्हा तिने त्या लायब्ररीचा लागणारा भाग प्रोग्रॅमच्या पोटातच घालून टाकला. प्रोग्रॅम थोडा लठ्ठ झाला, पण चालला. याची किंमत आहे: त्या लायब्ररीत पुढे दोष सापडला तर पोटातला भाग आपोआप सुधारत नाही, प्रोग्रॅम नव्याने बांधावा लागतो.

ही युक्ती काही तिची एकटीची नव्हे. रेड हॅट कंपनीने आपल्या जुन्या सिस्टिमवर नवा कंपायलर देताना हीच वाट धरली: जे सिस्टिमपाशी आहे ते तिच्याकडून घ्यायचे, नाही तेवढे प्रोग्रॅममध्ये भरायचे. पायथन भाषेची मंडळी आपले तयार माल मुद्दाम जुन्या पायावर बांधीत आली. त्यांचा ‘मेनीलिनक्स २०१४’ हा ठराव सेंटओएस ७ ची २.१७ जीलिबसी धरून चालतो. उलट मायक्रोसॉफ्टच्या व्हीएस कोडने जानेवारी २०२४ च्या आवृत्तीत २.२८ ची अट घातली, तेव्हा जुन्या सर्व्हरांशी दुरून जोडून काम करणारे एकाएकी अडले. ओरड झाली, आणि कंपनीला काही दिवसांतच तात्पुरती मुदत द्यावी लागली. ओरड केल्याने मुदत मिळते, हे आम्हांला कोणी शिकवायला नको.

दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. जुने कायमचे सांभाळणे फुकट होत नाही. कोणीतरी रात्री जागून ते करतो. सेंटओएस ७ ची देखभाल ३० जून २०२४ ला संपली, आमच्या उबुंटूची नेहमीची मुदत २०२३ मध्येच. अशा यंत्रातल्या नव्या भोकांना नेहमीच्या वाटेने ठिगळे मिळत नाहीत, म्हणून ते बाहेरच्या जगाशी जोडणे धोक्याचे. मुलीने जाताना संगणकाच्या कडेला एक चिठ्ठी चिकटवली: ‘काका, इंटरनेटची वायर लावू नका.’ चिठ्ठी अजून तिथे आहे, आणि दाव्यांची यादी त्याच यंत्रावर तयार होऊन कोर्टात दाखल झाली आहे.