अंडी का फिरवायची?

खुडूक कोंबडी अंड्यांवर बसली, की अधूनमधून चोचीनं ती उलटीपालटी करते. घरच्या उबवणी यंत्रात हे काम मुलांनी करायचं. का? बलक अंड्यातल्या पांढऱ्या भागापेक्षा हलका. दुधावर साय यावी तसा तो वर येतो आणि त्यावरचा इवलासा गर्भ कवचाच्या आतल्या पापुद्र्याला चिकटू शकतो. म्हणून ३७.५ अंश सेल्सिअसच्या उबेत अंडी दिवसातून किमान ३ वेळा फिरवतात. ७व्या दिवशी अंधारात अंड्यामागे टॉर्च धरा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसतील. १८व्या दिवसापासून फिरवणं थांबवा, कारण पिल्लू बाहेर पडण्यासाठी जागा धरतं. २१व्या दिवसाच्या सुमारास कवच टिचेल. तेव्हा मुलांना एवढंच सांगा: पिल्लाला ओढू नका, त्याला वेळ द्या.