विचारपूस



माझे शिक्षण शाळेत फारसे झाले नाही. मजुरांची गाऱ्हाणी लिहिता लिहिता जे वाचावे लागले, तेवढीच माझी पुंजी. तेव्हा दयाबुद्धीवर शास्त्रार्थ करण्याचा माझा अधिकार नाही. परंतु संघटनेच्या कामात जन्म गेल्यावर एक गोष्ट उमगली, ती आपणापुढे ठेवतो. दुसऱ्याविषयी कळवळा वाटणे आणि दुसऱ्याची सोय पाहणे, या दोन गोष्टी एक नव्हेत. कळवळा आपल्या मनात असतो. सोय मात्र त्यालाच विचारावी लागते.

माझीच चूक सांगतो. एप्रिल-मे महिन्यांत आपल्या भागातील बाया उजाडण्यापूर्वी तेंदूची पाने तोडायला रानात जातात. घरी येऊन सत्तर-सत्तर पानांची पुडकी बांधायची आणि सायंकाळी फळीवर मोजून द्यायची. हजार पुडक्यांची एक प्रमाण गोणी, म्हणजे सत्तर हजार पाने. हा हिशोब मला तोंडपाठ होता. एका गावी मोजणी आटोपल्यावर मी दराविषयी सभा घेतली व दीड तास बोललो. पुढे बसलेल्या बायांच्या माना हलत होत्या. मला वाटले, मुद्दा पटतो आहे. सभेनंतर एक वयस्कर बाई म्हणाली, "भाऊ, तुमी आमच्याच भल्याचं बोलता. पन आमी कितीला उठलो, घरी चूल पेटली का, हे काई पुसलं नाई." माना हलत होत्या त्या झोपेने!

तेव्हापासून सभेची वेळ मी बायांनाच विचारू लागलो. सभा लहान झाल्या, पण बाया बोलू लागल्या. फळीवर प्यायला पाणी नाही, मोजणीसाठी अंधार पडेपर्यंत ताटकळावे लागते, ही गाऱ्हाणी माझ्या मागणीपत्रात तोवर नव्हतीच.

याच गोष्टीचा एक मोठा दाखला आपल्या जिल्ह्यात आहे. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली गडचिरोलीत 'सर्च' संस्थेचे काम सुरू केले. आदिवासी रुग्ण इस्पितळात येण्यास कचरत. लोक अडाणी आहेत असे म्हणून हात झटकणे सोपे होते. या दांपत्याने लोकांनाच कारण विचारले. उत्तरे साधी होती. मोठ्या इमारतीची भीती वाटते. पांढरे वस्त्र आम्ही प्रेताला गुंडाळतो, तेच घालून तिथली माणसे हिंडतात. आणि नातलगांना रुग्णाजवळ राहू देत नाहीत. मग शोधग्राम येथे दवाखाना बांधला तो गावातल्या घरांसारखा. नातलगांच्या राहण्याची सोय केली आणि दवाखान्याला दंतेश्वरी देवीचे नाव दिले. औषध तेच, पण ते घेणाऱ्याच्या मनाचा आधी विचार झाला.

येथे कोणी म्हणेल, गोड बोलून मजुराची मजुरी बुडविणारे काय थोडे आहेत? आक्षेप खरा आहे. प्रेमळ वागणूक ही हक्काच्या जागी चालत नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईतील गिरणी कामगारांना संघटित केले, म्हणूनच १८९० साली त्यांना रविवारची सुट्टी मिळाली. कोणाच्या दयेने नव्हे. परंतु हक्क मिळाला म्हणजे काम संपले, असेही नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर गावाची मालकी मान्य केली, आणि आता आपल्याकडील कित्येक ग्रामसभा तेंदूचा व्यवहार स्वतः पाहतात. म्हणजे तेथे मोजणारा आपल्यातलाच झाला. ताटकळविणारा परका होता तेव्हा त्याच्याशी भांडता येत होते. आपलाच माणूस ताटकळवू लागला, तर गाऱ्हाणे कोणाकडे न्यायचे? फळीवर पाण्याची घागर ठेवा, असे कलम कोणत्या कायद्यात शोधायचे?

ते कलम आपणच पाळायचे असते. उद्या घरी कामाला येणाऱ्या बाईला, दुकानातल्या पोऱ्याला, दारी आलेल्या हमालाला एवढेच विचारून पाहा: "तुला कोणती वेळ सोयीची?" विचारायला पैसा लागत नाही, उत्तर आल्यावर मात्र आपली थोडी गैरसोय करून घ्यावी लागते. सद्गुणाची कसोटी तेथेच लागते.

आपणांपैकी अनेकांना अजून दूर जायचे आहे. मला दिलेली वेळ संपली आहे, म्हणून येथेच थांबतो.