पाटीवरची शेवटची ओळ

लासूर स्टेशनला आमचे किराणा दुकान होते. पत्र्याच्या पाटीवर वर दुकानाचे नाव, मध्ये 'किराणा व भुसार मालाचे व्यापारी' आणि तळाशी बारीक अक्षरात पत्ता : लासूर स्टेशन, ता. गंगापूर, जि. औरंगाबाद. ही शेवटची ओळ कुणी वाचत असेल, असे वडिलांना कधी वाटले नव्हते.

८ मे १९८८ रोजी औरंगाबादेत सांस्कृतिक मंडळाच्या मैदानावर बाळासाहेब ठाकरे यांनी शहराचे नाव 'संभाजीनगर' असल्याचे जाहीर केले. सरकारदरबारी काहीच बदलले नव्हते. पण पेंटर मंडळींना काम लागले. त्या दिवाळीत आमचीही पाटी रंगवायला काढली. पेंटरने शिडीवरून सहज विचारले, "शेठ, जिल्हा कोणता टाकू?"

वडील घुटमळले. १९७८ मध्ये विद्यापीठाच्या नामांतराच्या ठरावावरून मराठवाड्यात घरे जळालेली त्यांना ठाऊक होती. शेवटी म्हणाले, "परवान्यावर आहे तोच टाक."

आठवड्याच्या आत त्या एका शब्दावर रात्रीतून डांबर फासले गेले. फासणारे कोण, हे आम्हाला समजले होते. त्यांच्या घरचा किराणा आमच्याकडूनच जायचा! वडिलांनी मुकाट्याने पेंटरला बोलावले आणि 'संभाजीनगर' लिहून घेतले. मी तेव्हा कॉलेजात होतो. मला मनातून आनंदच झाला होता, हे आज कबूल करायला हवे.

महिनाअखेरीस वडिलांचे एक जुने गिऱ्हाईक आले. वीस वर्षांचे खाते. त्यांनी पै-पैचा हिशेब चुकता केला, पाटीकडे एकदा पाहिले आणि रस्त्यापलीकडच्या दुकानात गेले. भांडण नाही, शब्द नाही. डांबराने वडील इतके हलले नव्हते. ते रात्री जेवले नाहीत. मी म्हणालो, "जाऊ द्या, एक गेले तर दहा येतील." त्यावर त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, ती अजून विसरता येत नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच ब्रश घेऊन जिल्हाच पुसून टाकला. पुढे कित्येक वर्षे आमचा पत्ता 'ता. गंगापूर'वरच संपत असे. नवे व्यापारी हसायचे. ते गिऱ्हाईक काही परत आले नाही.

नावाचा प्रवास मात्र चालूच राहिला. १९९५ मध्ये युती सरकारने अधिसूचना काढली, पुढे ती मागे घेतली गेली. फेब्रुवारी २०२३ मध्ये शहराचे आणि त्याच सप्टेंबरात जिल्ह्याचे नाव अधिकृतपणे 'छत्रपती संभाजीनगर' झाले. योगायोग बघा, मुंबई उच्च न्यायालयाने नामांतर वैध ठरवले तेही ८ मे रोजीच, २०२४ साली.

आता दुकान पुतण्या पाहतो. फ्लेक्सच्या पाटीवर जिल्ह्याचे नाव कायद्याप्रमाणे आहे, त्यावर कुणी बोलत नाही. परंतु सणासुदीला प्रत्येक गटाची पोरे आपापल्या नेत्याच्या फोटोचा फलक घेऊन येतात. एकाचा लावला की दुसरा तोंड फिरवतो. गेल्या नवरात्रात त्याने मला फोन केला, "काका, कुणाचा लावू?"

मी म्हटले, "दाक्षायणी देवीचा लाव."

"तो लावलाय," तो म्हणाला, "पण खाली शुभेच्छुक कोण, ते विचारताहेत."